दोन उजव्या पायांचा माणूस

अल्टरबाईंना सगळे अल्टरबाई म्हणत, कारण त्यांनी उभ्या आयुष्यात नवा कपडा असा शिवलाच नव्हता. पँट कमरेत सैल करा, बाही दोन बोटं आखूड करा, लग्नातला कोट पोटावर बसत नाही तो कसाही करून बसवा, असली कामं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका उसवायच्या आणि आपला टाका कुठं पडलाय याचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, यातच त्यांचं सगळं कसब. काम झालं की कपडा घडी करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, आणि कॉलरच्या आत कुणा भलत्याच शिंप्याचं लेबल ऐटीत बसलेलं असायचं. त्या लेबलांवर बाईंचा दात होता. एखादं जरा जास्तच झोकदार असलं तर त्या इस्त्री करताना त्याच्यावर मुद्दाम दोनदा दाब देत.

दुकानात त्यांच्या जोडीला त्यांची नणंद होती. ती काजं करायची, बटणं लावायची आणि गल्लीतल्या प्रत्येकाची खबर ठेवायची. बाई तिला वन्सं म्हणत, मानानं अहोजाहो करत. ती वहिनीला अगंतुगं करायची आणि वर सल्लेही द्यायची.

एके दिवशी मागच्या रस्त्यावरच्या वैद्यकीय कॉलेजातले शरीररचनेचे विभागप्रमुख आपला पांढरा कोट सैल करायला घेऊन आले. सगळं कॉलेज त्यांना मोठे सर म्हणायचं, आणि पोटाचा घेर पाहिल्यावर वन्संनाही ते नाव लगेच पटलं. माप देता देता सर दुःखानं म्हणाले, "आमचा प्लास्टरचा माणूस जिन्यावरून पडला हो. खांद्यापासून खाली भुगा. पोरांना स्नायू शिकवायचे तरी कशावर?"

"कापडाचा करा की," बाई टेप गुंडाळत म्हणाल्या. "पडला तर झटकून उभा करता येईल."

बोलून गेल्या खऱ्या, पण सरांनी ते मनावर घेतलं. आठच दिवसांत काम ठरलं. लाकडी सांगाड्यावर लाल कापडाचे, आत कापूस भरलेले स्नायू बसवायचे, टिचबटणं लावायची म्हणजे एकेक काढून दाखवता येईल, आणि प्रत्येकावर पट्टीला त्याचं लॅटिन नाव भरतकामानं काढायचं. एकूण एकशे बारा नावं. झाल्यावर दुसऱ्या कॉलेजांतल्या तज्ज्ञांची समिती येऊन तपासणार, आणि पसंत पडला तर तोच परीक्षेला उभा राहणार.

बाई हरखल्या. सव्वीस वर्षांत पहिली नवी वस्तू, तीही सदरा नाही, झबलं नाही, आख्खा माणूस! त्यांनी लगेच विचारून टाकलं, "सर, माझं नाव कुठं घालू?"

"तुमचं नाव?"

"म्हणजे कुणी शिवलं ते. लेबल असतं ना कपड्याला, तसं."

मोठे सर हसले. वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर हसायचे तसेच. "बाई, स्नायूवर माणसाचं नाव नसतं. आकार बघायचा, लांबी बघायची, जागा बघायची, काम बघायचं, आणि त्यावरून नाव द्यायचं. माझं तरी नाव आहे का कुठं? तीस वर्षं शिकवतोय मी."

बाई गप्प बसल्या. पण गप्प बसणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वन्संना पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून बाईंनी मनाशी ठरवलं की या माणसावर कुठं ना कुठं आपलं नाव येणारच.

कामाला मदत म्हणून सरांनी आपल्या हाताखालच्या तरुण शिक्षिकेला धाडलं. तिला छोट्या मॅडम म्हणत. रोज दुपारी त्या जाडजूड पुस्तक काखेत मारून दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि नावं घडाघडा म्हणायच्या. पाठांतर असं की मध्ये श्वाससुद्धा घ्यायच्या नाहीत.

"बायसेप्स ब्रेकाय," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... बायसेप्स. दंडाचा."

"ते दिसतंय चित्रात. पण बायसेप्स म्हणजे काय? मला कापायचाय तो. नुसतं नाव सांगून कात्री कशी चालेल?"

मॅडम लाल झाल्या. पाच वर्षं शिकल्या, दोन वर्षं शिकवलं, पण म्हणजे काय हे कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयातून एक जुना शब्दकोश घेऊन आल्या आणि स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाल्या, "दोन डोकी! बाय म्हणजे दोन, सेप्स म्हणजे डोकं. वर दोन टोकं, खाली एक."

"मग असं सांगा ना," बाई म्हणाल्या आणि खडूनं कापडावर झरझर आखायला लागल्या. "दोन तोंडांची बाही. ट्रायसेप्सला तीन असणार."

"हो!" मॅडम बोटांवर चारपर्यंत मोजत म्हणाल्या.

"आणि चार असलेला?"

"क्वाड्रिसेप्स. मांडीचा. तुम्हाला कसं कळलं?"

"त्याशिवाय का तुम्ही मघाशी बोटांवर मोजत होता?"

मग मजा सुरू झाली. डेल्टॉइड म्हणजे त्रिकोणी, डेल्टा नावाच्या अक्षरासारखा. बाई म्हणाल्या, ही तर झग्याला घालतो ती कळी. सेरॅटस म्हणजे करवतीच्या दात्यांचा, तिथं त्यांनी नागमोडी कात्री चालवली. लॅटिसिमस डॉर्सी म्हणजे पाठीवरचा सगळ्यात रुंद, म्हणजे कापडाचा आख्खा पन्हा लागणार, तो आधीच बाजूला काढून ठेवला. गॅस्ट्रोक्नेमियस म्हणजे पायाचं पोट, म्हणून पोटरीत कापूस सढळ हातानं भरला. मानेवरच्या स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडला तर बाईंनी कोपरापासून हात जोडले. छोट्या मॅडमनी तो तोडून सांगितला. स्टर्नो म्हणजे छातीचं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याजवळचं हाड, मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा.

"अहो, हे नाव कुठलं, हा तर पत्ता झाला," बाई म्हणाल्या. "कुठून निघतो आणि कुठं उतरतो. टिचबटणं तीन, जागा तीन. किती सोपं!"

छोट्या मॅडमनी ती लाल पट्टी हातात घेतली. या एका नावासाठी त्या एकदा हॉस्टेलच्या जिन्यावर बसून रडल्या होत्या, तेही त्यांनी सांगून टाकलं.

वन्संना मात्र सगळ्यात आवडली ती 'मसल' या मूळ शब्दाचीच गोष्ट. कातडीखाली दंड फुगतो तेव्हा उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून स्नायूला लॅटिनमध्ये छोटा उंदीर म्हणतात. वन्सं तेव्हा नेमक्या मांडीवर घेऊन एका दंडात कापूस कोंबत होत्या. त्यांनी तो उडवलाच. पुढं चार दिवस स्नायू भरायला बसल्या की आधी पाय वर घ्यायच्या. आणि वरच्या ओठाला नाकपुडीसकट वर ओढणारा एक लांबलचक नावाचा स्नायू आहे, म्हणजे माणूस ज्याच्या जोरावर नाक मुरडतो तो, हे कळल्यावर त्यांनी समोरच्या इस्त्रीवालीकडं बोट दाखवून म्हटलं, "तिचं माप घे, वहिनी. तिच्याइतका कमावलेला कुणाचाच नसेल."

अकराव्या दिवशी छोट्या मॅडम हसतच दुकानात शिरल्या. "आज तुमचा स्नायू आणलाय! सार्टोरियस. सार्टोर म्हणजे शिंपी!"

बाईंनी मशीन थांबवलं.

"शरीरातला सगळ्यात लांब," मॅडम उत्साहानं सांगू लागल्या. "कमरेच्या बाहेरच्या हाडावरून निघतो, मांडीवरून तिरका येतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला उतरतो. मांडी घालताना पाय दुमडतो तो ह्याच्यामुळं. पूर्वी शिंपी मांडी घालून शिवायला बसायचे ना, म्हणून."

"म्हणजे शिंप्याला जागा दिली तर," बाई हळूच म्हणाल्या. त्या संध्याकाळी दुकान बंद करून त्या थेट मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "सर, सार्टोरियसवर तरी माझं नाव घालू द्या. शिंप्याचाच आहे तो."

"तो धंद्याचा मान आहे बाई, तुमचा नाही," सर म्हणाले. "उद्या गालातला बक्सिनेटर म्हणजे तुतारीवाला, म्हणून कुणी तुतारी घेऊन येईल माझ्या दारात."

बाई परत आल्या. रागानं त्यांनी दुसऱ्या दिवशी तीन सुया मोडल्या. एकशे बारा परकी नावं आपण आपल्या हातानं काढतोय, वेलबुट्टीसारखी सुबक, आणि आपलं एक तेवढं चालत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी ते वन्संना सांगितलंही, आणि वन्संनी त्यांना चहा करून दिला.

पाय शिवायला घेतले तेव्हा लाल कापड संपत आलं होतं. बाजारातून मोठ्या मुश्किलीनं तसल्याच रंगाचा एक तुकडा मिळाला, पण अरुंद. बाईंनी तो एकेरी पसरला, पुस्तकातल्या चित्रावरून कागद कापले आणि एकेका कागदावरून दोन-दोन तुकडे उतरवले. भरले, शिवले, बटणं लावली. समितीच्या आदल्या दिवशी सकाळी मोठे सर स्वतः दुकानात आले. माणूस सांगाड्यावर उभा होता, तांबडा लाल, नखशिखांत. सरांनी यादी हातात घेतली, उजव्या बाजूला उभे राहिले आणि वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचून खूण करत गेले. शेवटच्या पावलाशी आल्यावर म्हणाले, "आणि डावीकडं तसंच." वर्गात ते तीस वर्षं असंच म्हणत आले होते. मग त्यांनी यादीच्या खाली 'अचूक' असं लिहिलं आणि झोकात सही ठोकली.

"धाग्याची चूक नाही," ते म्हणाले. "दुपारी कॉलेजची गाडी पाठवतो."

सर गेल्यावर बाईंना वाटलं, गाडीत हा उभा मावायचा नाही. बसवून न्यावा. आणि बसवायचाच तर शिंप्यासारखा बसवू, मांडी घालून. त्यांनी त्याला सांगाड्यासकट उचललं, जाजमावर ठेवलं, उजवा पाय दुमडला. सार्टोरियस अलगद सैल पडला आणि पाय झकास बसला. डावा दुमडला. टिचकन बटण निघालं.

बाईंनी ते परत लावलं. परत निघालं. तिसऱ्यांदा लावायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. डाव्या मांडीवरचा सार्टोरियस गुडघ्याच्या आत न उतरता बाहेर उतरला होता.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "जरा इकडं या."

वन्सं आल्या. बघितलं. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले. मग तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई! दोन्ही उजवेच!"

झालं होतं असं, की कापड दुहेरी घालून कापलं की आपोआप एक उजवं आणि एक डावं निघतं. हात, छाती, पाठ असंच कापलं होतं. पण अरुंद तुकडा एकेरी पसरला, आणि पुस्तकात चित्र होतं फक्त उजव्या पायाचं. एखादी शिकाऊ पोरगी दोन बाह्या एकाच हाताच्या कापते तेव्हा बाई तिला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं फैलावर घेत. आता स्वतःच दोन उजवे पाय करून बसल्या होत्या.

"कुणाला कळलंय?" वन्सं म्हणाल्या. "त्या एवढ्या मोठ्या सरांना नाही दिसलं. सही आहे त्यांची. तू आपली तोंडाला कुलूप लाव, वहिनी."

बाई जाजमावरच बसल्या. डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात एक नवी वस्तू केली आणि तीच चुकली. ज्याच्यावर नाव घालायला म्हणून हट्ट धरला, तो माणूस आता कुणी आपल्या नावावर खपवला असता तर त्यांनीच नको म्हटलं असतं. पण हे रडणं फार वेळ चाललं नाही. चुकलेला कपडा समोर आला की त्यांचा हात आपोआप कात्रीकडं जायचा, तसाच तो गेला. त्यांनी डाव्या पायाचा सार्टोरियस सोडवला, उजव्याचाही सोडवला, दोन्ही पिशवीत घातले आणि कॉलेज गाठलं.

मोठे सर छोट्या मॅडमना उद्याची तयारी समजावत होते. बाईंनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवल्या.

"सर, यातला डावा कुठला?"

सरांनी चष्मा लावला. "हा." मग जरा थांबून, "नाही, हा." मग त्यांनी पट्ट्या उलटसुलट केल्या, एक स्वतःच्या मांडीवर ठेवून पाहिली, आणि त्यांचा रंग उतरला. छोट्या मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या, कारण हसू आवरत नव्हतं.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "कापड एकेरी घातलं. आख्खा डावा पाय उजवा झालाय."

"पण मी सही केलीय," सर म्हणाले. "अचूक म्हणून. बाई, उद्या अकराला समिती येतेय!"

"संध्याकाळपर्यंत नवा पाय करून देते, गाडी तेव्हाच पाठवा. कापड मात्र पाहिजे, लाल. बाजारात आता चिंधी नाही." बाईंची नजर खोलीत फिरली आणि सरांच्या टेबलावरच्या लाल टेबलक्लॉथवर थांबली. तो पाहुण्यांसाठी खास अंथरलेला होता. सरांनी एक शब्द न बोलता वरचे कागद उचलले आणि तो बाईंच्या हातात दिला.

बाईंनी त्याची घडी घातली. दुहेरीच. मग म्हणाल्या, "आणि माझं नाव."

"बाई, आत्ता ही वेळ आहे का?"

"मी काही अडवून धरत नाही सर. नाव घातलं नाही तरी पाय करून देणार, आणि झाल्या चुकीबद्दल चकार शब्द काढणार नाही. मला माझी लाज आहे. फक्त आमच्या वन्संनी बघितलंय. त्यांच्या तोंडाची हमी मी कशी देणार?"

मोठ्या सरांनी वन्संना दोनदाच पाहिलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं. ते खुर्चीत टेकले. "बरं. सार्टोरियसवर घाला. आतल्या बाजूला. बारीक."

"नको," बाई म्हणाल्या.

"नको? तुम्हीच तर मागत होता!"

"तेव्हा मागत होते. तिथं शिंपी असं आधीच लिहिलंय. तेच परत कशाला लिहायचं? शिवाय पट्टी अरुंद. माझं पूर्ण नाव बसायचं नाही."

"मग कुठं बसेल?"

"पँटला लेबल कुठं असतं, सर?"

छोट्या मॅडमना ठसका लागला. सरांनी आधी मॅडमकडं पाहिलं, मग बाईंकडं, मग छताकडं. शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू, कुल्ल्यावरचा ग्लुटियस मॅक्सिमस, त्याचं नाव त्यांनी हजारो विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलं होतं. पण असा तो त्यांच्यावरच उलटेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"स्नायूचं नाव तेच राहू दे," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मॅक्सिमसला मी धक्का लावत नाही. त्याच्या खाली फक्त कुणी शिवलं एवढं लिहिते. जागा ऐसपैस आहे."

सरांनी हातानंच जा म्हणून खूण केली.

दुपारभर दुकानातलं मशीन थांबलं नाही. वन्संनी भरलं, बाईंनी शिवलं, छोट्या मॅडमनी बटणं लावली आणि प्रत्येक तुकडा आपल्या डाव्या पायाला लावून खात्री केली. दिवेलागणीला डावा पाय डावा झाला. रंगात उजव्यापेक्षा किंचित गडद होता, पण त्याला इलाज नव्हता. सगळ्यात शेवटी बाईंनी पांढरी पट्टी घेतली आणि लाल धाग्यानं स्वतःचं नाव काढायला बसल्या. एकशे बारा लॅटिन नावं एका हातानं काढलेल्या बाईंनी आता मात्र टाका मोजून मोजून घातला. पहिलं अक्षर दोनदा उसवलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वर्ग गच्च भरला होता. मागच्या भिंतीशी बाई आणि वन्सं उभ्या होत्या. बाईंच्या हातात दोरा ओवलेली सुई होती, एखादं बटण निघालंच तर म्हणून. समितीच्या अध्यक्ष म्हणजे करड्या केसांच्या, कडक चेहऱ्याच्या एक डॉक्टरीणबाई. त्यांनी माणसाचा एकेक स्नायू काढून तपासला. डेल्टॉइडचे कोपरे मोजले, मानेची तिन्ही बटणं सोडून लावली. दोन्ही पाय दुमडून मांडी घालून पाहिली, आणि माणूस मुकाट बसला. मोठे सर तेव्हा पहिल्यांदा श्वास सोडताना दिसले.

मग अध्यक्षांनी त्याला उभा केला आणि पाठमोरा वळवला. त्या थबकल्या. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. कमरेत वाकल्या, आणखी वाकल्या. पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"इथं एक नाव आहे," अध्यक्ष वाकलेल्याच म्हणाल्या. "लॅटिन नाही."

मोठे सर खोकले. "ते स्नायूचं नाही. ते... ज्यांनी शिवलं त्यांचं."

"असं होय?" म्हणून अध्यक्षांनी ते नाव वाचलं. बारीक नाही, पुटपुटत नाही, परीक्षा घेणाऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात, आधी नाव, मग बापाचं, मग आडनाव, भरल्या वर्गात.

आपलं पूर्ण नाव असं मोठ्यानं घेतलेलं बाईंनी सातवीत शाळा सुटल्यापासून ऐकलं नव्हतं. काय बोलावं, बोलावं की नाही, कशाचाच विचार झाला नाही. सुईसकट हात वर गेला आणि तोंडून निघालं, "हजर!"